यांच्या मापाची खुर्ची

स्वोर्ड्स, डब्लिन
४ सप्टेंबर २०२५

ती. वन्सं,

नमस्कार. फोनवर तुम्हाला माझं 'हॅलो' तेवढं ऐकू येतं आणि पुढच्या सगळ्याला तुम्ही अंदाजाने 'हो हो' म्हणता, म्हणून पुन्हा कागदावर आले. नेहमीसारखे हे पानांचे फोटो काढून तुमच्या सुनेला, स्वप्नालीला पाठवतील, तिने छापून दिले की सावकाश वाचा. हे स्वतः वाचणार नाहीत. दुसऱ्याचं पत्र उघडं पडलेलं असलं तरी वाचायचं नाही, ही यांची बँकेतली शिस्त, आणि आज ती मला फार सोयीची आहे.

गौरी-गणपती छान झाले. गौरी जेवल्या त्या दिवशी मात्र जरा घोटाळा झाला. आमचे देव वरच्या मजल्यावर, हे तुम्हाला ठाऊक आहे. खाली कुठेही देवघर केलं तरी डोक्यावर कुणाची तरी झोपायची खोली नाहीतर न्हाणीघर येतं. देवांच्या डोक्यावरून आपण चालायचं हे मला पटत नाही. म्हणून जिना संपतो तिथल्या लहानशा खोलीत देव, आणि स्वयंपाकघर खाली. मध्ये तेरा पायऱ्या. सोमवारी पुरणाच्या नैवेद्याचं ताट घेऊन वर जाताना सहाव्या पायरीवर गुडघा निसटला आणि ताटासकट बसायची वेळ आली. गुडघा म्हणजे यांचा. ताट घेऊन हे चालले होते. कटाच्या आमटीचा ओघळ सहाव्या पायरीपासून तिसरीपर्यंत गेला. सगळे साबण वापरून झाले, डाग काही हलत नाही.

तेव्हापासून यांचे गुडघे जिना पाहिला की नाही म्हणतात. वर जाताना हात टेकून, रांगणाऱ्या मुलासारखं. खाली येताना बसून, एकेक पायरी. साडी गोळा करून. म्हणजे लेंगा.

संकेत म्हणाला, "आई, देव खाली आणू. जिन्याखाली केवढी मोठी प्रेस आहे." इथे कपाटाला प्रेस म्हणतात. मी म्हटलं, "त्यात व्हॅक्युम क्लीनर राहतो, आणि वरून तुम्ही सगळे धाडधाड ये-जा करणार." मग मुक्ता म्हणाली, "आई, मी ऑफिसला जायच्या आधी पूजा करत जाईन. तुम्ही खालून हात जोडा." सून चांगलंच बोलली. ती नीट करेल, कदाचित माझ्याहून नीट, आणि त्याचीच मला धास्ती. महिन्याभरात देवांना तिच्या हाताची सवय झाली की मी कोण?

तर आता जिन्यावर चालणारी खुर्ची बसवायचं ठरतंय. पायऱ्यांच्या कडेने रूळ, रुळावर खुर्ची, बसून बटण दाबलं की वर. अर्थात यांच्यासाठी. काळजी करू नका.

तुमची
पद्मजा


नाशिक
९ सप्टेंबर २०२५

पद्मजा,

काळजी करू नका असं लिहिलंस आणि मी तेव्हापासून दुसरं काही करत नाही. शिरीषला एकाएकी झालं काय? गेल्या डिसेंबरात इथे आला तेव्हा पांडवलेणी चढून गेला. मी खाली रिक्षात बसून होते, तर वरून हात करत होता. नऊ महिन्यांत रांगायला लागला?

आणि तू त्याला नैवेद्याचं ताट का उचलायला लावलंस? माझ्या आईने त्याला जेवलेलं ताट कधी उचलू दिलं नाही, हे तिचं चुकलंच, पण सुधारणा करायला तुला गौरीचाच दिवस सापडला का?

डॉक्टर काय म्हणतात ते लिही. खुर्ची घ्यायची तर चांगली घे. तू स्वस्तातली शोधशील हे मी इथून बघते आहे. पोस्टाच्या पाकिटावरचे शिक्का न बसलेले स्टॅम्प वाफेवर सोडवणारी बाई तू. पण हा माझ्या एकुलत्या एका भावाच्या हाडांचा प्रश्न आहे. त्यात तरी घासाघीस करू नकोस.

शिरीषला वेगळं पत्र लिहीत नाही. तो 'मी ठीक आहे' म्हणेल. तो टायफॉइडमध्येही तेच म्हणत होता.

वीणाताई


स्वोर्ड्स
२५ सप्टेंबर २०२५

ती. वन्सं,

घट बसले. वरच बसवले. कसे, ते विचारू नका.

खुर्ची निवडणं म्हणजे मुलगी बघण्यासारखं निघालं. फोटोत सगळ्या छान दिसतात. शेजारच्या नोरीनबाईंकडे तशी खुर्ची आहे म्हणून आधी तिथे गेले. त्या ब्याऐंशीच्या, एकट्या राहतात, रोज सकाळी चर्चला जातात. त्यांच्या स्वयंपाकघरात येशूच्या तसबिरीखाली तांबडा दिवा कायम असतो, त्यामुळे आमचं पहिल्यापासून जमतं. त्यांची खुर्ची खालून वर जाईपर्यंत जपमाळेचे तीन मणी होतात, असं त्यांनी मला मोजून दाखवलं. मला बसवूनही दाखवलं. मी नुसती यांच्या वतीने बसले.

मग कंपनीचा माणूस आला, डेक्लन नावाचा. मुलं दोघं ऑफिसात. मुक्ताने दिवसभर सुट्टी घेते म्हणून सांगितलं होतं, पण मी म्हटलं, एका जिन्याला किती माणसं लागतात? माझं मॅट्रिकचं इंग्रजी आणि त्याचं इथलं इंग्रजी एकमेकांना हात करत लांबून गेली, पण काम झालं. आपला जिना सरळ आहे हे नशीब. वळणाचा असता तर रूळ खास घडवावा लागतो आणि किंमत ऐकूनच माणूस खाली राहतो. पुढचं दार जिन्याच्या अगदी पायाशी, म्हणून रुळाचं टोक वर दुमडणारं घेतलं, नाहीतर येणारा प्रत्येक जण ठेचकाळणार. बैठक कापडी होती ती नको म्हटलं. नैवेद्य घेऊन बसायचं, तर पुसता येणारी हवी. पाय ठेवायची फळी बटणाने आपोआप मिटणारी होती. ती खोडली. वाकून हाताने मिटता येत असताना विजेला कशाला काम द्या?

नंतर त्याने गुडघ्यांचं विचारलं. यांच्या वतीने मीच सांगितलं. जरा वाढवूनच सांगितलं, की अजिबात म्हणजे अजिबात वाकत नाही. कळवळला तर दोन पैसे कमी करेल असं वाटलं. केले नाहीत. मग त्याने टेप काढली आणि यांना नखशिखांत मोजलं. उंची, मांडी, वजन. चालून दाखवा म्हणाला तर हे उजव्या पायाने लंगडले, मी डोळे वटारल्यावर डाव्या. गोंधळले बिचारे.

डेक्लनने विचारलं, "खुर्ची फक्त हेच वापरणार ना?" मी म्हटलं, "येस येस." तो म्हणाला, "मग गुडघा न वाकणाऱ्यांची वेगळी बैठक देतो. ती बसायची नसते, टेकायची असते. माणूस जवळजवळ उभ्यानेच जातो." मी म्हटलं, "ग्रँड." इथे कशालाही ग्रँड म्हटलं की समोरचा खूश होतो.

दोन आठवड्यांत बसेल. तोपर्यंत यांचं रांगणं चालू.

तुमची
पद्मजा


नाशिक
७ ऑक्टोबर २०२५

पद्मजा,

तुझं पत्र वाचून माझ्याने राहवलं नाही. लंगडतो तोही दोन्ही पायांनी. याचा अर्थ दोन्ही गेले.

मी सोळा सोमवार धरले आहेत. निर्जळी. पहिला २९ तारखेला झाला, काल दुसरा. साखरेच्या गोळ्या त्या दिवशी बंद ठेवते, कारण गोळीबरोबर पाणी प्यावं लागतं. स्वप्नाली दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. काल दिवेलागणीला डोळ्यांपुढे जरा अंधारी आली, पण भिंत जवळ होती.

माझं जाऊ दे, माझं वय झालं. एकच विचारायचं आहे. संकल्प सोडताना नाव, गोत्र आणि दुखणं नीट सांगावं लागतं, हे तुला सांगायला नको. मी 'शिरीषचे गुडघे' असं सांगितलं आहे. बरोबर आहे ना? अजून चौदा सोमवार आहेत. पत्ता चुकला असेल तर आत्ताच कळव.

वीणाताई


स्वोर्ड्स
१० ऑक्टोबर २०२५

ती. वन्सं,

आधी पाणी प्या. गोळी घ्या. मग पुढचं वाचा.

गुडघे माझे आहेत. पहिल्यापासून माझेच. तुमचा भाऊ ठणठणीत आहे, रोज उद्यानाला दोन फेऱ्या मारतो आणि आल्यावर माझ्यासमोर जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढतो, वाईट हेतू नसतो. ताट माझ्या हातात होतं. रांगते ती मी, बसून उतरते ती मी.

तुम्हाला का सांगितलं नाही ते आपल्या दोघींनाही माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी आपण सप्तशृंगीच्या गडावर गेलो. तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते, तुम्ही वर नेणाऱ्या ट्रॉलीचं तिकीट काढलंत. मी पायऱ्यांनी जाते म्हणाले. तेवढंच म्हणाले असते तर शोभलं असतं. "तिकीट काढून देवी भेटली असती तर लोकांनी पाय कशाला झिजवले असते," असं रांगेतल्या चार बायकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले. आणि आता माझे देव तेरा पायऱ्यांवर आहेत आणि मला खुर्ची हवी. हे तुम्हाला कळवायचं धैर्य होईना. हे जवळ होते, त्यांचे गुडघे वापरले.

डेक्लनला खोटं सांगायचं मात्र मुळीच ठरवलं नव्हतं. त्याने टेप काढली, "आधी मांडीची लांबी" म्हणाला, आणि मी तुमच्या भावाला पुढे ढकललं. सत्तराव्या वर्षी परक्या पुरुषाने टेप लावून मला मोजायचं, हे जमेना. वाटलं, खुर्ची ती खुर्ची, मापात काय आहे? ब्लाउज अर्धा इंच सैल झाला तर शिंप्याशी दोन महिने न बोलणारी बाई मी. तर दुखणं माझं आणि उंची यांची, अशी खुर्ची परवा घरी आली.

वन्सं, ती पाच फूट दहा इंचाच्या, गुडघा न वाकणाऱ्या माणसासाठी आहे. असा माणूस आमच्या घरात कुणी नाही.

बसवून झाल्यावर डेक्लनने सगळी शिकवणी यांना दिली. हे मान डोलावत होते. मी स्वयंपाकघरात चहा करत होते, कारण खुर्ची यांची. काल सकाळी मुलं गेल्यावर मी यांना फिरायला पिटाळलं, म्हटलं एकटीने करून बघू. नैवेद्याचं ताट घेतलं. फळी हाताने उघडायची होती, ती वाकून उघडता येईना, तेव्हा न्हाणीच्या ब्रशच्या दांड्याने उघडली. फळीवर उभी राहिले. टेकायची बैठक माझ्या कमरेच्या वर, पाठीच्या मध्यावर आली. ताट शेजारच्या टेबलावर ठेवून पट्टा बांधला तो छातीवरून, मग ताट उचललं. कोपराने बटण दाबलं, आणि निघाले की. पाच पायऱ्या राजेशाही थाटात गेले. सहावीला साडीच्या निऱ्या फळीच्या कडेत गेल्या आणि खुर्ची थांबली. काही अडकलं की ती आपण होऊन थांबते, ही तिची हुशारी. पुढे काय करायचं ते तुमच्या भावाला शिकवलेलं.

ताट दोन्ही हातांत. ठेवायला जागा नाही, म्हणून पट्टा सोडवता येत नाही. पट्टा सुटत नाही, म्हणून उतरता येत नाही. समोर कटाच्या आमटीचा डाग. अथर्वशीर्ष दोनदा म्हटलं. वरण थंड झालं. मग मला रडू आलं, ते मात्र खुर्चीचं नव्हतं. वर देव बिनआंघोळीचे, मी अर्ध्या वाटेवर, आणि घरात हाक मारायला कुणी नाही, कारण सगळ्यांना मीच बाहेर घालवलेलं.

नोरीनबाई ब्रेड द्यायला आल्या. दारातल्या टपालाच्या फटीतून त्यांना माझी हाक ऐकू गेली. त्यांच्याकडे आपली किल्ली असते. आत आल्या, खालून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बटण उलट दाब गं. खाली येईल." उलट दाबलं. खाली आले. दीड मिनिटाचं काम, पाऊण तास लटकले. ताट हातातून घेत म्हणाल्या, "ही खुर्ची तुझी नाहीच. कुणाची आहे?"

त्यांनीच मुक्ताला फोन केला. मुक्ता सँडीफोर्डच्या ऑफिसातून ट्राम आणि बस करून धापा टाकत आली. मला वाटलं आता म्हणेल, पुरे झालं आई, उद्यापासून मी पूजा करते. ती जिन्यावर, त्या सहाव्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "आई, मी सुट्टी घेते म्हटलं होतं ना?" एवढंच. खुर्ची परत गेली की नवी घ्यायला मी आता तोंड उघडणार नाही. देव खाली आणायचे तर आणू दे. तुमचे उपास माझ्यामुळे झाले, त्यापुढे हे काहीच नाही.

उपास सोडा. माझं चुकलं.

पद्मजा


नाशिक
१२ ऑक्टोबर २०२५

पद्मजा,

मी मधुमेही आहे, मूर्ख नाही. दोन्ही सोमवारी मी मिसळ खाल्ली. एकदा जास्तीचा पाव घेऊन.

तुझ्या पहिल्याच पत्रात कळलं होतं. शिरीष ताट घेऊन चालला होता म्हणे. आणि साडी गोळा करून उतरत होता. तू कबूल होशील म्हणून वाट बघितली, तर तू त्याला लंगडायला लावलंस. मग मला सोमवार काढावे लागले. देवाच्या नावाने थाप मारली म्हणून खडीसाखर ठेवून माफी मागितली आहे, ती आपल्या दोघींची एकत्रच मागितली.

गडाचं तू काढलंस म्हणून एक लिहिते, नाहीतर लिहिणार नव्हते. ट्रॉलीने मी दहा मिनिटांत वर पोचले. दर्शन घेतलं नाही. तुझ्याबरोबर घ्यावं म्हणून बाहेर दगडावर दीड तास बसले होते. तू वर आलीस ती माझ्याकडे न बघता रांगेत गेलीस. मी तुझ्या मागे सात माणसं सोडून उभी राहिले. तुला वाटलं माझं आधीच झालं.

देव खाली आणायची भाषा करू नकोस. शरणागती तुला शोभत नाही, आणि त्या प्रेसमध्ये व्हॅक्युम क्लीनर आहे असं तूच लिहिलं होतंस. नवी खुर्ची घे, आणि या वेळी स्वतःला मोजून घे. तुझी मांडी बघायला तो माणूस तिथे आलेला नाही.

वीणाताई


स्वोर्ड्स
१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशी

ती. वन्सं,

तुमचं गडाचं वाचून चष्मा काढून ठेवला आणि त्या दिवशी पुन्हा घातला नाही. सात माणसं. मी एकदाही मागे वळले नाही. मार्चमध्ये आम्ही येतो आहोत, तेव्हा गडावर जाऊ. ट्रॉलीची तिकिटं मी काढणार, आणि रांगेत तुम्ही माझ्या पुढे.

मिसळीबद्दल मी रागवायला हवं होतं, पण दोन दिवस एकटीच हसत होते. यांनी विचारलं काय झालं, तर तुमचं पत्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी तोंड फिरवलं. मग मीच वाचून दाखवलं. लंगडण्याचं सगळं त्यांच्या बहिणीला आधीच कळलं होतं, हे ऐकून त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

डेक्लन पुन्हा आला. मुक्ताने सकाळची सुट्टी घेतली होती. मी सगळं खरं सांगितलं, मॅट्रिकच्या इंग्रजीत आणि जिथे अडलं तिथे मुक्ताच्या. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "याआधी एका बाईंनी स्वतःऐवजी बहिणीला मोजायला बसवलं होतं." रूळ तोच चालतो, फक्त बैठक बदलायची. मापासाठी टेप मुक्ताने धरली आणि डेक्लन दाराकडे तोंड करून आकडे लिहीत राहिला. इतकं सोपं होतं. उंची चार फूट अकरा. मी आयुष्यभर पाच फूट सांगत आले, तेही गेलं. या वेळी बसायची बैठक, आणि आपोआप मिटणारी फळी. किंमत सांगितली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते. मुक्ताने काय ते ठरवलं.

काल बसली. आज नैवेद्याला पहिल्यांदा गेले. निऱ्या मांडीखाली घेतल्या, ताट मांडीवर. खाली मुक्ता, संकेत आणि हे, तिघं रांगेत उभे, जणू मी विमानाने निघाले आहे. मुक्ताला मी म्हटलं, सांजवात आजपासून तू लावत जा. ती म्हणाली, "चुकलं तर सांगाल ना?" चुकणार नाही ती. सांगेन तरी.

खुर्ची हळू जाते. वर पोचले तर दम लागला नव्हता, गुडघा ठणकत नव्हता. स्टुलावर बसले, ताट ठेवलं, पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि काय मागायचं तेच आठवेना. गौरींपासून दीड महिना रोज एकच मागत होते, उद्या वर येऊ दे. ते तर देऊन झालं होतं. हात जोडून तशीच बसून राहिले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून देवांनाच विचारलं, तुमचं इथे कसं काय चाललंय, हवा मानवते ना?

तुमची
पद्मजा